जिन्याखालचा साक्षीदार

जुलै १९४८ च्या उत्तरार्धात दिल्लीच्या लाल किल्ल्यात गांधीहत्येच्या खटल्यातला सत्तावन्नावा साक्षीदार पिंजऱ्यात आला. महिन्यापूर्वीपर्यंत तो स्वतःच या खटल्यातला आरोपी होता. त्याचे नाव दिगंबर रामचंद्र बडगे. मूळचा चाळीसगावचा, पुण्यात 'शस्त्र भांडार' नावाचे दुकान चालवणारा. दुकानात उघडपणे विकता येतील अशी हत्यारे असत, आणि जी उघडपणे विकता येत नसत तीही ओळखीच्या गिऱ्हाइकाला मिळत. २१ जून १९४८ रोजी विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी त्याला माफी दिली आणि आरोपींच्या यादीतून त्याचे नाव गेले. बदल्यात त्याने एकच गोष्ट करायची होती: जे घडले, जे पाहिले, जे ऐकले, ते सगळे आणि खरे सांगायचे.

राजकीय खटल्यांत फिर्यादी पक्ष आणि आरोपी यांच्यात होणाऱ्या सौद्यांचे हे प्रकरण आहे. आणि ज्या खटल्याचा महाराष्ट्राला सर्वांत मोठा धक्का बसला, त्या खटल्याचा कणाच असा एक सौदा होता.

आपल्याकडे या सौद्याला पहिल्यापासून वाईट वास आहे. प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर चापेकरांची माहिती पोलिसांना देणाऱ्या द्रविड बंधूंना १८९९ मध्ये पुण्यातच गोळ्या घातल्या गेल्या, आणि पुण्याने त्या दोघांसाठी फारसे अश्रू ढाळले नाहीत. कलेक्टर जॅक्सनच्या खुनानंतरच्या नाशिक कटाच्या खटल्यात, १९१० साली, लंडनच्या इंडिया हाऊसमधला आचारी चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला. लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईला कशी आणली, हे त्याने सांगितले. ती पिस्तुले पाठवल्याच्या आरोपाखाली ज्यांना जन्मठेप झाली ते विनायक दामोदर सावरकर १९४८ मध्ये लाल किल्ल्यातल्या आरोपींच्या बाकावर होते. म्हणजे माफीच्या साक्षीदाराची जबानी माणसाला कुठवर नेऊ शकते, हे त्या दालनात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसावे.

कायद्यालाही या माणसाविषयी धड एक मत ठरवता आलेले नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १३३ म्हणत होते की गुन्ह्यातला साथीदार साक्ष देण्यास पात्र आहे, आणि केवळ त्याच्या दुजोरा नसलेल्या जबानीवर शिक्षा झाली तरी ती बेकायदा ठरत नाही. त्याच कायद्याच्या कलम ११४ खालचे एक उदाहरण सांगत होते की महत्त्वाच्या तपशिलांना दुजोरा मिळत नसेल तर असा साथीदार विश्वासास पात्र नाही, असे न्यायालय गृहीत धरू शकते. न्यायाधीशांनी दोन्ही कलमे एकत्र वाचून व्यवहारात एक नियम करून टाकला: कायद्याने चालेल, पण शहाणपणाने चालणार नाही. दुजोरा हवाच, आणि तोही प्रत्येक आरोपीपुरता वेगळा हवा. साक्षीदाराने सहा जणांची नावे घेतली आणि पाच जणांबाबत तो खरा ठरला, म्हणून सहावा आपोआप दोषी होत नाही. कारण गुन्ह्यात असलेल्या माणसाला खऱ्या गोष्टीत एक खोटे नाव मिसळणे सर्वांत सोपे असते. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४९ च्या उन्हाळ्यात, भुबनी साहू खटल्यात, हीच गोष्ट स्पष्टपणे मांडली. त्याआधी पाच महिने आत्माचरण यांनी ती लाल किल्ल्यात वापरलेली होती.

आता बडगेच का, हा प्रश्न. पकडलेल्यांपैकी नथुराम गोडसे बोलायला तयार होता, पण तो फक्त स्वतःविषयी. नारायण आपटे आणि विष्णू करकरे यांना सगळे माहीत होते, आणि म्हणूनच त्यांना सोडणे सरकारला शक्य नव्हते. मदनलाल पाहवाने २० जानेवारीला बिर्ला भवनात स्फोट केला होता आणि तो जागेवरच पकडला गेला होता. त्याला माफी दिली असती तर देशाने सरकारला माफ केले नसते. उरला हत्यारांचा व्यापारी. त्याला या लोकांच्या राजकारणाचे फार सोयरसुतक होते असे दिसत नाही. तो माल पुरवणारा होता, आणि माल कुठून कुठे गेला हे सांगू शकत होता. सरकार पक्षाच्या दृष्टीने असा साक्षीदार सोन्यासारखा, कारण मालाची वाटचाल तपासता येते. मनातले हेतू तपासता येत नाहीत.

बडगेने सांगितलेली वाटचाल अशी. १४ जानेवारीला तो आपला नोकर शंकर किस्तय्या याच्यासह पुण्याहून मुंबईला आला. पिशवीत गनकॉटनचे दोन तुकडे, पाच हातबॉम्ब, वाती. रात्री ती पिशवी भुलेश्वरला दीक्षितजी महाराजांच्या घरी ठेवली, सकाळी ती उचलली. १७ ला गोडसे आणि आपटे खोट्या नावांनी विमानाने दिल्लीला गेले, बडगे आणि शंकर आगगाडीने. दिल्लीत कनॉट प्लेसमधल्या मरीना हॉटेलात गोडसे आणि आपटे देशपांडे आडनावाने उतरले होते. बाकीच्यांपैकी काहींचा मुक्काम हिंदू महासभा भवनात. २० तारखेच्या सकाळी महासभा भवनामागच्या रानात रिव्हॉल्व्हर चालवून पाहिले. संध्याकाळी टॅक्सीने बिर्ला भवन. योजनेप्रमाणे मदनलालने मागच्या भिंतीपाशी स्फोट करायचा आणि गोंधळात बडगेने नोकराच्या खोलीच्या जाळीतून गोळी झाडायची. खोलीत माणसे बसलेली पाहून बडगे बिचकला. आपण यात अडकू, असे त्याला वाटले. स्फोट झाला, बाकीचे काहीच झाले नाही, आणि मदनलालला सोडून सगळे पळाले.

या जबानीचे सौंदर्य तिच्यातल्या नाट्यात नाही. जवळजवळ प्रत्येक पायरीवर कोणीतरी तिऱ्हाईत उभा आहे, हे तिचे बळ. दीक्षितजी महाराजांनी पिशवीची हकिगत सांगितली. मरीना हॉटेलची नोंदवही होती. दिल्लीच्या टॅक्सीचालकाने आपले उतारू ओळखले. शंकरने दाखवलेल्या जागी, महासभा भवनामागे, उरलेला दारूगोळा सापडला. रुईया महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगदीशचंद्र जैन यांना मदनलालने आधीच कटाची कुणकुण दिली होती. जैनांनी ती मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानावर घातली होती, आणि मोरारजी स्वतः साक्षीला आले. शिवाय विम्याचे कागद: १३ आणि १४ जानेवारीला नथुरामने आपल्या दोन पॉलिसी, एक दोन हजारांची आणि एक तीन हजारांची, आपट्याच्या बायकोच्या आणि धाकटा भाऊ गोपाळ याच्या बायकोच्या नावे केल्या. हे कागद बडगेला माहीत असण्याचे कारण नव्हते. माफीच्या साक्षीदाराला सर्वांत चांगला दुजोरा मिळतो तो त्याला ठाऊक नसलेल्या गोष्टींकडून.

आत्माचरण यांनी निकालपत्रात बडगेविषयी चांगले लिहिले. त्याने आपली हकिगत सरळपणे सांगितली आणि उलटतपासणीत प्रश्न टाळले नाहीत, असा त्यांचा शेरा आहे. एका बेकायदा शस्त्रविक्रेत्याला न्यायाधीशाकडून मिळालेले हे प्रशस्तिपत्रक बचाव पक्षाला चांगलेच झोंबले असणार.

बचाव पक्ष म्हणजे तरी एकच पक्ष नव्हता. आठ आरोपी, अर्धा डझनाहून जास्त वकील, आणि प्रत्येकाचे हित थोडे वेगळे. इथे खटल्याच्या डावपेचांचा खरा अभ्यास सुरू होतो.

नथुरामचा डाव सर्वांत विचित्र आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत चतुर होता. त्याने खून कबूल केला आणि कट नाकारला. २० जानेवारीला आपण बिर्ला भवनात नव्हतोच, ३० तारखेच्या खुनाचा निर्णय माझा एकट्याचा, अशी त्याची भूमिका. ८ नोव्हेंबरला त्याने जे लांबलचक लेखी निवेदन वाचले, ते पुढे त्याच्या राजकीय समर्थनासाठी गाजले. सरकारने ते छापण्यावर बंदी घातली आणि बंदीने त्याला जे वलय द्यायचे ते दिले. पण त्या निवेदनाकडे भाषण म्हणून पाहणारे त्यातली वकिली विसरतात. पुरावा कायद्याच्या कलम १० प्रमाणे कट असल्याचे मानायला वाजवी आधार असेल, तर एका कटवाल्याने कटाच्या संदर्भात जे म्हटले, ते दुसऱ्याविरुद्ध वापरता येते. कटच नसेल तर आपट्याने बडगेला काय सांगितले, हे आपट्यापुरतेच राहते. नथुरामने कटाची भिंत पाडली असती, तर तिच्या आधाराने उभे असलेले बाकीचे सगळे आरोपही खाली आले असते. स्वतःची फाशी त्याने गृहीत धरलेली होती. बाकीच्यांना सोडवण्यासाठी तो लढत होता. अपिलातही त्याने खुनाबद्दलच्या शिक्षेला आव्हान दिले नाही. त्याचे अपील फक्त कटाच्या निष्कर्षाविरुद्ध होते.

हा डाव फसला, आणि फसणे योग्यच होते. एकट्या माणसाला खोट्या नावाने, सोबत्यासह विमानप्रवास करावा लागत नाही. आपटे आणि करकरे यांनी ३० जानेवारीला आपण दिल्लीत नव्हतो असे सांगितले. दिल्ली स्थानकावरच्या विश्रांतिकक्षाशी संबंधित साक्षीदारांनी ते तिथे असल्याचे सांगितले. न्यायालयाने साक्षीदारांवर विश्वास ठेवला. आणि पुढे शिक्षा भोगून आलेल्या गोपाळ गोडसेने १९६७ मध्ये 'गांधीहत्या आणि मी' हे पुस्तक लिहिले, तेव्हा 'एकट्याने' या कथेचे जे काही उरले होते, तेही उरले नाही. त्या पुस्तकावर सरकारने बंदी आणली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती उठवली, हे जाता जाता.

सावरकरांचा बचाव याच्या अगदी उलट बांधणीचा होता. त्यांची बाजू पुण्याचे ल. ब. भोपटकर आणि त्यांचे सहकारी सांभाळत होते. शेवटच्या युक्तिवादाला पाटण्याचे पी. आर. दास आले. या बचावाचे सूत्र अंतर राखण्याचे होते. गोडसे आणि आपटे हिंदुमहासभेचे कार्यकर्ते, त्यांची ओळख होती, पत्रव्यवहार होता, त्यांच्या 'अग्रणी' वृत्तपत्राला मदत केली होती, हे मान्य. कटाशी संबंध नाही. आणि ते दोघे घरी आले असतील तर सावरकर सदनाच्या तळमजल्यावर महासभेची माणसे राहत, त्यांना भेटायला आले असतील. हे अंतर शब्दांपुरते राहिले नाही. ग्वाल्हेरचे वकील इनामदार हे परचुरे आणि गोपाळ गोडसे या आरोपींची बाजू मांडत होते. त्यांनी पुढे आठवणी लिहिल्या. आरोपींच्या बाकांवर सावरकर नथुरामकडे वळूनही पाहत नसत, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे, आणि नथुरामला ते किती लागले हेही.

या बचावातला सर्वांत शहाणा क्षण एका प्रश्नाचा आहे, जो विचारला आणि लगेच मागे घेतला गेला. मोरारजी देसाईंच्या उलटतपासणीत त्यांना विचारण्यात आले की जैनांनी जे सांगितले त्याखेरीज सावरकरांवर लक्ष ठेवायला सांगण्यासाठी तुमच्याकडे आणखी काही माहिती होती का. मोरारजींनी उत्तराऐवजी प्रतिप्रश्न केला: सगळी हकिगत सांगू का? मी सांगायला तयार आहे, ठरवायचे सावरकरांनी. भोपटकरांनी प्रश्न सोडून दिला. उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, हे वकिलांच्या पहिल्या वर्षाचे शिक्षण, पण विचारून झाल्यावर तो गिळता येणे हे तीस वर्षांच्या वकिलीचे काम. त्या एका माघारीने सावरकरांना काय वाचवले, हे मोजता येत नाही. पण सरकार पक्षाने तो धागा पुन्हा उचलला नाही.

आता ज्या जागेवर हा सगळा खटला अडला, तिथे येऊ. बडगेच्या जबानीत सावरकर दोन प्रकारे येतात. पहिला प्रकार ऐकीव. आपट्याने बडगेला सांगितले की गांधीजी, नेहरू आणि सुऱ्हावर्दी यांना संपवायचे तात्यारावांनी, म्हणजे सावरकरांनी, ठरवले आहे. दुसरा प्रकार प्रत्यक्ष. १७ जानेवारीच्या सकाळी गोडसे, आपटे आणि बडगे शिवाजी पार्कजवळच्या सावरकर सदनात गेले. शंकर बाहेर थांबला. आपट्याने बडगेला तळमजल्याच्या खोलीत थांबायला सांगितले. गोडसे आणि आपटे वर गेले. पाच-दहा मिनिटांनी खाली आले आणि त्यांच्या मागोमाग सावरकर. सावरकर म्हणाले, 'यशस्वी होऊन या.' परतताना टॅक्सीत आपटे बडगेला म्हणाला, 'तात्यारावांनी असे भविष्य केले आहे की गांधीजींची शंभर वर्षे भरली. आता आपले काम निश्चित होणार, यात काही संशय नाही.'

सरकार पक्षाचे मुख्य वकील मुंबईचे ॲडव्होकेट जनरल सी. के. दफ्तरी होते, पुढे ते देशाचे ॲटर्नी जनरल झाले. त्यांनी या भेटीला दुजोरा देण्यासाठी मिळेल ते जोडले. एका चित्रपट अभिनेत्रीने १४ तारखेला गोडसे-आपट्यांना सदनाजवळ गाडीतून सोडल्याचे सांगितले. १७ तारखेच्या मुंबईतल्या टॅक्सीचालकाने फेरी सांगितली. पण सदनाजवळ उतरणे म्हणजे सावरकरांना भेटणे नव्हे, आणि टॅक्सीचालकाने आतले बोलणे ऐकले नव्हते. आत्माचरण यांनी लिहिले की सावरकरांविरुद्धची केस माफीच्या साक्षीदारावर आणि केवळ त्याच्यावरच उभी आहे. वरच्या मजल्यावर त्या तिघांत काय बोलणे झाले, याचा कोणताही पुरावा नाही. मग खाली येताना उच्चारलेला तो निरोपाचा शब्द खुनाबद्दलच होता, असे मानायला आधार नाही. सावरकर निर्दोष सुटले.

माझ्या मते समोर आलेल्या पुराव्यावर दुसरा निकाल शक्यच नव्हता. बडगे खोटे बोलला, असे न्यायाधीशांनी म्हटलेले नाही. ते एवढेच म्हणाले की तो जिन्याखाली होता. आणि जिन्याखाली तो असणारच, कारण माफी मिळते ती नेहमी खालच्या माणसाला. वर जाण्याइतका विश्वासातला माणूस सरकारला सोडायचा नसतो, आणि सोडण्यासारखा माणूस वर नेला जात नाही.

दुजोरा देऊ शकतील अशी दोन माणसे मात्र होती. सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार आणि चिटणीस गजानन दामले यांचे जबाब मुंबई पोलिसांनी मार्च १९४८ मध्येच घेतले होते. गोडसे आणि आपटे जानेवारीत सावरकरांना भेटल्याचे त्यांत होते. खटल्यात त्यांना साक्षीला उभे केले गेले नाही. हे जबाब पुढे आले ते न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या चौकशी आयोगापुढे, ज्याचा अहवाल १९६९ मध्ये आला. सगळी वस्तुस्थिती एकत्र घेतली तर सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेल्या कटाखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही, असे त्या अहवालात एके ठिकाणी म्हटले आहे. हे वाक्य आज दोन्ही बाजूंनी राजकीय भांडणात फेकले जाते. वाचकाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आयोग म्हणजे फौजदारी न्यायालय नव्हे, आणि सावरकर फेब्रुवारी १९६६ मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांच्या वतीने त्या साक्षीदारांची उलटतपासणी व्हायची राहिली ती राहिलीच. सरकारने सुटकेविरुद्ध अपील केले नव्हते. न्यायालयाचा शेवटचा शब्द १० फेब्रुवारी १९४९ चाच आहे.

त्या दिवशी नथुराम आणि आपटे यांना फाशीची शिक्षा झाली. करकरे, मदनलाल, गोपाळ गोडसे, परचुरे आणि शंकर किस्तय्या यांना जन्मठेप. बडगे सुटला. २० ते ३० जानेवारीदरम्यान पोलिसांनी थोडीही तत्परता दाखवली असती तर ही हत्या बहुधा टळली असती, असा कडक शेराही न्यायाधीशांनी मारला.

शंकरकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. मालकाने पिशवी उचल म्हटले, त्याने उचलली. मालकाने पुर म्हटले, त्याने पुरले. न्यायालयातले कामकाज त्याच्यासाठी तेलुगूत समजावून सांगावे लागे. ज्याने हत्यारे जमवली, विकली आणि स्वतः गोळी झाडण्याची तयारी दाखवली, तो मालक साक्ष देऊन घरी गेला. त्याच्या हुकमाप्रमाणे वागणाऱ्या नोकराला जन्मठेप. आत्माचरण यांनाही हे खटकले असावे. शिक्षा सात वर्षांवर आणावी, अशी शिफारस त्यांनी निकालातच केली. सिमल्याला पीटरहॉफमध्ये भरलेल्या पंजाब उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भंडारी, अच्छ्रू राम आणि खोसला यांनी २१ जून १९४९ रोजी शंकर आणि परचुरे या दोघांना सोडून दिले. माफीची व्यवस्था कोणाला किती दोष आहे हे पाहत नाही. कोण किती उपयोगाचा आहे, एवढेच पाहते. शंकरकडे सांगण्यासारखे जे होते ते सगळे बडगेकडे होते, आणि आणखी बरेच होते. म्हणून त्याला गिऱ्हाईक नव्हते.

भारतातल्या माफीचे हेच वैगुण्य आहे: ती अर्धी देता येत नाही. मिळाली तर पूर्ण, नाहीतर शून्य. अमेरिकेत सौदा मोजून मापून होतो. तिथल्या फौजदारी शिक्षांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षा खटला न चालता, गुन्हा कबूल करून झालेल्या कराराने होतात. वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सन यांचा सल्लागार जॉन डीन याने ऑक्टोबर १९७३ मध्ये न्यायाच्या कामात अडथळा आणण्याच्या कटाचा एकच आरोप कबूल केला आणि तो सरकारचा मुख्य साक्षीदार झाला. त्याला शिक्षा झाली, पण कमी. त्याच्या जबानीच्या बळावर वरच्या पायरीवरचे मिचेल, हाल्डमन आणि अर्लिकमन हे तिघे १ जानेवारी १९७५ रोजी दोषी ठरले. डीन वरच्या मजल्यावर गेलेला साक्षीदार होता. तरी तोही एकटा पुरला नसता. निक्सनने स्वतःच्याच कार्यालयात बसवलेल्या ध्वनिमुद्रण यंत्राने त्याला दुजोरा दिला. सावरकर सदनाच्या वरच्या मजल्यावर तसे यंत्र नव्हते.

भारतीय न्यायाधीशांना हा अमेरिकी प्रकार बराच काळ मुळीच पसंत नव्हता. महाराष्ट्रातल्या अन्नभेसळीच्या एका खटल्यात १९७६ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असल्या तडजोडींवर कडक ताशेरे ओढले. पण तुंबलेल्या खटल्यांपुढे तत्त्वे वाकली आणि ५ जुलै २००६ पासून गुन्हाकबुलीच्या तडजोडीचे प्रकरण फौजदारी प्रक्रिया संहितेत आले. सात वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, स्त्रिया आणि मुलांवरचे गुन्हेही. म्हणजे खून, कट, दहशतवाद यांत ही वाट बंद. तिथे आजही बडगेचाच रस्ता आहे.

कबुली आणि सौदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुंबईने २० जुलै २००९ रोजी पाहिले. २६/११ च्या खटल्यात अजमल कसाबने न्यायाधीश ताहिलियानी यांच्यासमोर अचानक गुन्हा कबूल केला. कोणी त्याला काही देऊ केले नव्हते. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच त्या कबुलीला हरकत घेतली. ती अर्धवट आहे, वरच्यांना झाकणारी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायाधीशांनी कबुली नोंदीवर ठेवली आणि खटला पुढे चालवला. आरोपी 'केले' म्हणतो आणि सरकार 'थांब' म्हणते, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पण शिक्षेपेक्षा नोंद महत्त्वाची असलेल्या खटल्यात घाईची कबुली बचावाचेही हत्यार होऊ शकते.

त्याच हल्ल्यासाठी मुंबईची पाहणी करून गेलेला डेव्हिड हेडली ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत पकडला गेला. त्याने १८ मार्च २०१० रोजी बारा आरोप कबूल केले. करारात अमेरिकेने त्याला लिहून दिले की फाशी मागणार नाही आणि भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कच्या हवाली करणार नाही. त्याने लिहून दिले की परदेशी न्यायालयांना अमेरिकेत बसून साक्ष देईन. जानेवारी २०१३ मध्ये त्याला पस्तीस वर्षांची शिक्षा झाली, आणि ती देताना न्यायाधीश लाइननवेबर यांनी हा माणूस याहून कठोर शिक्षेला पात्र आहे, हे लपवले नाही.

मग मुंबईत एक असा प्रसंग घडला जो आपल्या कायद्याने पूर्वी पाहिला नव्हता. बीड जिल्ह्यातल्या अबू जुंदालवर चाललेल्या खटल्यात न्यायाधीश सानप यांनी १० डिसेंबर २०१५ रोजी हेडलीला माफी दिली आणि माफीचा साक्षीदार केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतून दृक्‌श्राव्य माध्यमाने जबानी दिली. बडगेला माफीने आझाद केले होते. हेडली माफी मिळाल्यावरही तुरुंगातच राहिला, कारण त्याला तिथे ठेवणारे सरकार दुसरे होते. आणि या जबानीतही ऐकीव माहितीचा जुना प्रश्न आला. गुजरातमधल्या चकमकीत मारल्या गेलेल्या इशरत जहाँविषयी हेडली जे बोलला ते लष्कर-ए-तय्यबाच्या लोकांकडून कानावर आलेले होते, आणि नावही त्याने सरकारी वकिलांनी पुढे ठेवलेल्या तीन नावांतून निवडले. गुजरातच्या राजकारणात त्या एका उत्तरावरून महिनोन्‌महिने वादळ उठले. पुरावा म्हणून पाहिले तर ते आपट्याच्या टॅक्सीतल्या वाक्याइतकेच लांबचे होते.

नवा भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १३८ ने दीडशे वर्षांची दुटप्पी भाषा संपवली. साथीदाराच्या दुजोरा असलेल्या जबानीवर झालेली शिक्षा बेकायदा ठरत नाही, असे आता कलमातच लिहिले आहे. आत्माचरण यांनी जे शहाणपण म्हणून पाळले ते आता कायदा आहे. हेडलीचा शाळासोबती तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत आणला गेला आणि त्याच्यावरच्या खटल्यात हेडलीचा शब्द पुन्हा महत्त्वाचा ठरणार आहे. हेडलीला मात्र साक्षीसाठीसुद्धा इथे आणता येणार नाही. २०१० च्या करारातले ते कलम अजून लागू आहे.